चष्म्याच्या डबीचा आवाज

लुसी,

तुझ्या अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या फाटकाबाहेर रिक्षांची रांग अडकली होती. पांढऱ्या झग्यांतले इतके पाद्री एकदम आत शिरताना बघून एका रिक्षावाल्याने मला विचारलं, "मॅडम, कोई बिशप गुजर गए क्या?" मी काळ्या साडीत, हातात तुझी पर्स, डोळे रडून सुजलेले. तरी मान आपोआप वर झाली. म्हटलं, "नहीं भैया. इन सबकी टीचर."

त्याने एकदा त्या रांगेकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "लेडीज टीचर?"

"हां, लेडीज टीचर."

त्याने इंजिन बंद केलं आणि सगळे आत जाईपर्यंत हॉर्नला हात लावला नाही. भाईंदर पश्चिमेला रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला नाही म्हणजे केवढा मान दिला, हे तुला सांगायला नको.

तुझ्या भावाशी लग्न करून मी या घरात आले तेव्हा तू शाळेत मराठी शिकवत होतीस. चांगली कायमची नोकरी. सुनेला सगळ्यात आधी नणंदेची धास्ती असते, म्हणून मी तुझ्यावर नजर ठेवून होते. आणि माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात तू जेवणाच्या टेबलावर जाहीर केलंस की नोकरी सोडून तू धर्मशास्त्र शिकणार. आईंच्या हातातला डाव तसाच राहिला. त्यांच्या मते आपल्या समाजातल्या मुलीला दोनच वाटा होत्या. "एक तर नवरा कर, न्हाय तर मठात जा," त्या म्हणाल्या. "मधे कुठं उभी राहशील?"

"मधेच उभी राहीन आई," तू म्हणालीस. "तिथे गर्दी नाही."

विल्फ्रेड जेवत राहिला. तुझा भाऊ कुठल्याही भांडणात आधी जेवून घेतो. मी मात्र त्या दिवसापासून तुझ्या बाजूला गेले. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

ग्रीक तू माझ्या स्वयंपाकघरात शिकलीस. बाहेरच्या खोलीत आईंचा टीव्ही असायचा, म्हणून. वर्षभराच्या मसाल्यासाठी मिरच्या निवडायला बसलो की तू देठ मोडता मोडता क्रियापदं म्हणायचीस आणि मी तुझ्या हातातल्या कागदावर बघून "हं, पुढे" म्हणायचे, जसं काही मला वाचता येत होतं. हिब्रू सुरू झाल्यावर तुझं बोट पानावर उजवीकडून डावीकडे चाललेलं आईंनी पाहिलं आणि दचकून विचारलं, "उर्दू शिकतेस काय गो?" त्यांना ते समजावताना आपली हसून हसून पुरेवाट झाली. मला अजून एक-दोन ग्रीक क्रियापदं येतात. त्यांचा मला काडीचा उपयोग नाही, आणि ती आठवली की मिरच्यांचा ठसका लागतो.

मग तू परदेशी गेलीस आणि डॉक्टरेट घेऊन परत आलीस. तुझा जाडजूड प्रबंध विल्फ्रेडने आठवडाभर बगलेत मारून गावभर फिरवला. एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस, पण गल्लीच्या तोंडावरच्या किराणावाल्या हसमुखभाईंसमोर ठेवून म्हणाला, "मेरी बहन ने लिखा है." हसमुखभाईंनी पानं उलटून बघितली, काही उमगलं नाही, तेव्हा त्यांनी तो सरळ तराजूत टाकला. "अढी किलो छे!" ते म्हणाले, आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही उचलून बघायला लावलं. परीक्षकांनी काय शेरा दिला ते मी विसरले. हसमुखभाईंचा शेरा विसरणार नाही.

शहरातल्या ज्या संस्थेत पाद्री होणारी मुलं शिकतात तिथे तुला नेमलं. तुझ्याआधी तिथे बाई कधी शिकवायला आली नव्हती. बायबल शिकवायला बाई, हे त्यांनी कसंबसं गिळलं. पण प्रवचन कसं करावं हेही बाईच शिकवणार, हे काहींच्या घशाखाली उतरेना. जिला बाई म्हणून मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, स्वतःला प्रवचन करायची मुभा नाही ती दुसऱ्यांना काय शिकवणार, असं कुणीतरी तुझ्या तोंडावर म्हणालं होतं. तू उत्तर दिलंस की क्रिकेटचा अंपायरही फलंदाजी करत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे शिक्षकांच्या मजल्यावर बायकांसाठी स्वच्छतागृहच नव्हतं. एक रिकामी मोरी होती, तिच्या दाराला आतून कडी नव्हती. तू महिनाभर शेजारच्या मठात जाऊन येत राहिलीस आणि मग प्राचार्यांच्या खोलीत गेलीस. "फादर, मी दोन जुन्या भाषा शिकून इथवर आले. तुम्हाला एका दाराला कडी लावता येईल का?" दुसऱ्या दिवशी सुतार आला. तू हे घरी येऊन सांगितलंस तेव्हा माझ्या हातातलं पापलेट निसटून सिंकमध्ये पडलं.

तू वर्गात काय करायचीस ते मला तुझ्या मुलांकडून कळलं. ती आपल्या घरी जेवायला यायची आणि तुझी पाठ फिरली की माझ्याकडे गाऱ्हाणी करायची. हातात कागद न घेता शुभवर्तमानातला प्रसंग सांगायचा, आणि सांगून झाला की तुझा ठरलेला प्रश्न यायचा: "तिथे आणखी कोण होतं?" प्रभूने हजारो लोकांना भाकरी वाटल्याचा प्रसंग घेतला तर लिहिणाऱ्याने पुरुष मोजले, बायकामुलं मोजायची सोडून दिली.

"मग ती उपाशी राहिली का रे?"

"नाही टीचर, जेवली."

"जेवली ना? मग तुझ्या प्रवचनात का नाहीत?"

इतकंच. आवाज चढवायचा नाही, व्याख्यान द्यायचं नाही. मुलगा खाली बसायचा आणि पुढच्या वेळी त्या बायकांना घेऊन यायचा. असं करत तू किती तुकड्या घडवल्यास, लुसी. वसईपासून गडचिरोलीपर्यंत कुठल्याही चर्चमध्ये मराठीतून मिस्सा ऐकावी आणि पाद्र्याच्या बोलण्यात एखादी बिननावाची म्हातारी, एखादी पाणी भरणारी पोरगी अवचित पुढे यावी. मला लगेच कळायचं, हा तुझा. आता तर नव्या मुलांना वाटतं की हा प्रश्न पूर्वीपासूनच विचारला जात होता. तुला याचं वाईट वाटतं का, असं मी विचारलं होतं. "वाईट कसलं?" तू म्हणालीस. "पोळ्या संपल्या म्हणजे कुणी लाटल्या ते कोण विचारतं? संपल्या ना!" मला मात्र वाटायचं. मी ज्या घरात पोळ्या लाटते तिथे मी विचारायला लावते.

आणि ती डबी.

दर रविवारी तिसऱ्या बाकाच्या टोकाला तू बसायचीस, मांडीवर ती पत्र्याची जुनी चष्म्याची डबी. तिची स्प्रिंग अशी कडक की मिटली की अख्ख्या चर्चमध्ये आवाज जायचा. प्रवचन फिरून फिरून त्याच जागी यायला लागलं की तू चष्मा काढायचीस, डबीत ठेवायचीस आणि झाकण लावायचीस. टक्. वेदीवरचा पाद्री तुझा विद्यार्थी असला तर दोन वाक्यांत आटपायचा. तू शपथेवर सांगायचीस की हे तू मुद्दाम करत नाहीस. लुसी, निदान आता तरी खरं बोल.

फादर नेल्सनचा तो रविवार आठवतो? नुकताच दीक्षा घेऊन आपल्या चर्चमध्ये आलेला, कोवळा पोरगा. "प्रिय बंधुभगिनींनो, आजच्या वाचनात तीन मुद्दे आहेत," एवढं बोलला आणि तुझ्या डोळ्यात काहीतरी गेलं. तू चष्मा काढलास, डबीत ठेवलास. टक्. नेल्सनचा चेहरा पांढराफटक. "आणि ते तिन्ही मुद्दे आपल्याला ठाऊकच आहेत," तो म्हणाला. "आता उभे राहू या." आणि त्याने थेट पुढची प्रार्थना सुरू केली. लोक खूश! आमच्या रोझा मावशी, आज गावठाणातल्या सगळ्यात म्हाताऱ्या, बाहेर येऊन मोठ्याने म्हणाल्या, "असाच पाद्री पायजे. याची बदली करायची न्हाय." आणि तो बिचारा पायऱ्यांवर तुझ्यासमोर येऊन उभा. "टीचर, एवढं वाईट होतं?" तू त्याला खरं सांगितलंस आणि मग तिथेच पायरीवर बसून पदराने डोळे पुसत हसत राहिलीस. त्याला वाटलं तू रडतेस.

पण दुसऱ्यांना डबी दाखवणारी तू स्वतः मे महिन्यात काय करायचीस? मे महिनाभर संध्याकाळी आपल्या गल्लीतल्या क्रुसाजवळ लोक जमतात. निळ्या-पांढऱ्या रंगाचा तो जुना क्रूस, आता दोन्ही बाजूंना टॉवर. रोझा मावशी लितानीची प्रार्थना एकेक ओळ म्हणतात, आम्ही मागून म्हणतो, आणि मग सगळ्यांना उकडलेले चणे. या प्रार्थनेला पाद्री लागत नाही. लितानी आणि चण्यांच्या मधल्या वेळात तू पाच मिनिटं बोलायचीस. तुझी पाच मिनिटं. मोठं पातेलं मांडीशी धरून मी बसायचे आणि माझ्या हाताला कळायचं की चणे निवायला लागले. रोझा मावशी कुजबुजायच्या, "लुसी, चणे थंड होतात गो." तू ऐकायची नाहीस. तुझ्यासाठी डबी वाजवायची कुणाची छाती नव्हती.

तरी माणसं उठायची नाहीत. समोरच्या दुकानात हसमुखभाई भजनांचा रेडिओ बारीक करायचे. टॉवरमध्ये राहायला आलेली रत्नागिरीकडची कुटुंबं भाजीच्या पिशव्या घेऊन कडेला थांबायची. चर्चमध्ये आपलेच लोक येतात, इथे कुणीही येतं, असं तू म्हणायचीस. मला ते पटायचं नाही. मला वाटायचं, एवढी शिकलेली बाई, पाद्र्यांची गुरू, आणि तिला बोलायला जागा कुठली, तर रस्त्याच्या कडेला, रिक्षांच्या धुरात.

हे सगळं मी एकदाच तुला तोंडावर बोलले. ठाण्याचं लग्न आटपून घोडबंदर रोडने परत येत होतो आणि वरसाव्याच्या पुलाअलीकडे गाड्या ठप्प झाल्या होत्या. विल्फ्रेड स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. पळायला जागा नव्हती, म्हणून मी काढलं. "लुसी, रविवारी तू वर जाऊन बायबलमधलं पहिलं वाचन वाचतेस आणि खाली येऊन बसतेस. मग ज्याला तू शिकवलंस तो वर चढून त्याचा अर्थ सांगतो. वाचायला चालतं, सांगायला चालत नाही. तुला राग येत नाही?"

"येतो," तू म्हणालीस.

मी व्याख्यानाची तयारी ठेवली होती. एका शब्दाला काय करू?

"रोज येतो वहिनी. पण राग धरून दारातच बसले असते तर वर्ग कुणी घेतला असता?"

"मग माग ना ती जागा. ठणकावून माग."

"मागतेय. सभांमध्ये बोलतेय, लेख लिहितेय. मी गेल्यावर केव्हातरी मिळेल." आणि मग तू सीटवरून पूर्ण मागे वळलीस. तुझा तो परीक्षा घेतानाचा चेहरा. "आणि तू? क्रुसाजवळ तुला कुणाची बंदी आहे? तिथे मिस्सा नाही, वेदी नाही, पाद्री नाही. तिथे तू का बोलत नाहीस?"

"मी? मी काय बोलणार? मी चणे शिजवते."

"इतकी वर्षं माझं सगळं ऐकलंस. ग्रीकसुद्धा."

"मी पोस्टातली बाई. काचेच्या आतून 'पुढचे' म्हणायची सवय. चार लोकांसमोर उभी राहिले तर माझी बोबडी वळेल."

"मला जागा मागायला सांगतेस आणि तुझी मोकळी जागा तशीच ठेवतेस," तू म्हणालीस. मी तोंड उघडलं, तेवढ्यात विल्फ्रेड म्हणाला, "सुटलं वाटतं ट्रॅफिक," आणि गाडी पुलावर चढली. तो वाद आपण पुढे कधीच संपवला नाही.

मग तुझं आजारपण. मीरा रोडच्या इस्पितळात तुझ्या उशाशी फोन आणि फोनमध्ये तुझी पोरं. शनिवारी संध्याकाळी दहा ठिकाणांहून दहा पाद्री आपापली प्रवचनं रेकॉर्ड करून पाठवायचे आणि तू डोळे मिटून ऐकायचीस. बोलायचं त्राण नसलं की मला म्हणायचीस, "याला लिही, शेवटचं काप." मी लिहायचे. एका बापड्याला मी स्वतःच्या मनाने "छान" असं पाठवलं, तर तू डोळे उघडून म्हणालीस, "छान नव्हतं." बेव्हर्ली पार्कमधल्या ज्या बायकांना तू शनिवारी एकीच्या हॉलमध्ये बसवून बायबल शिकवायचीस त्या सूप घेऊन यायच्या आणि सूप बाजूला ठेवून प्रश्न विचारायच्या. नर्सला वाटलं, ही कुणीतरी मोठी असामी. तिचा अंदाज बरोबर होता.

शेवटी शेवटी एका दुपारी तू म्हणालीस, "मे येतोय. चणे तू भिजवशीलच. पण बोलणार कोण?"

"फादर नेल्सनला सांगू."

"तो मिस्सात बोलतो. पुरे झालं त्याला." तू माझ्याकडे बघत राहिलीस. मला कळत होतं तू काय विचारतेस. मी चादर नीट केली, पाण्याचा ग्लास हलवला आणि म्हटलं, "आधी तू बरी हो." तू भिंतीकडे वळलीस. ते उत्तर नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. ईस्टर होऊन थोडेच दिवस झाले होते, आणि तू गेलीस.

अंत्यविधीच्या सकाळी घर माणसांनी भरलं होतं. जो तो तेच बोलत होता. किती मायाळू. किती साधी. लग्न केलं नाही, पण पाद्र्यांची आईच झाली. माझं डोकं तापत चाललं. आई कसली? तू त्यांना भरवलं नाहीस, तू त्यांना नापास केलंस! नेल्सनला दोनदा! रात्र-रात्र वाचून, शब्दाला शब्द ताडून तू जे उभं केलंस त्याला हे लोक माया म्हणत होते, कारण बाईने केलेल्या कामाला त्यांच्याकडे तेवढाच शब्द होता. मला एकच भीती होती, की आज चर्चमध्येही तुला असंच गोडगोड करून पुरतील.

प्रवचनाला नेल्सन उभा राहिला. आता त्याचे केस पिकलेत. मी तिसऱ्या बाकाच्या टोकाला तुझ्या जागेवर बसले होते. तुझी शवपेटी समोर. तो म्हणाला, "लुसी टीचर म्हणजे एक शांत मेणबत्ती. पडद्यामागे राहून त्यांनी नम्रपणे सेवा केली. मूकपणे त्या जळत राहिल्या..."

मेणबत्ती! लुसी, तुझ्या वर्गात कुणी मेणबत्ती आणली तर तू त्याला बाहेर काढायचीस. मूक म्हणे! माझा हात तुझ्या पर्समध्ये गेला. डबी हाताला लागली. मी ती उघडली आणि मिटली.

टक्.

नेल्सन थांबला. पण मजा पुढे आहे. डाव्या बाजूला बसलेली ती पाद्र्यांची अख्खी रांग, जाड, बारीक, टकले, म्हातारे, सगळे एकदम ताठ बसले. दोघातिघांनी तर तुझ्या पेटीकडे बघितलं. विल्फ्रेडने माझा हात धरला. मला वाटलं थांबवतोय, पण त्याचे खांदे हसण्याने हलत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

नेल्सनने डोळे पुसले. "टीचर, चुकलं," तो पेटीकडे बघून म्हणाला. "परत सांगतो." आणि मग तो तुझ्या पद्धतीने बोलला. हातात कागद नाही. म्हणाला, "ही बाई आमची प्राध्यापक होती. या चर्चमध्ये गेली कित्येक वर्षं तुम्ही जे ऐकताय ते आधी हिने विचार करून ठेवलेलं आहे. ईस्टरची पहिली बातमी, प्रभू मरणातून उठल्याची, बायकांनी आणली आणि ऐकणाऱ्या पुरुषांना ती बडबड वाटली, हे आम्ही दर वर्षी वाचतो. टीचर विचारायच्या, 'तुम्ही त्या खोलीत असता तर विश्वास ठेवला असतात?' आम्ही म्हणायचो, हो टीचर. त्या म्हणायच्या, 'बघू. आईचा फोन आल्यावर पूर्ण ऐकून घेता का, ते आधी सांगा.'" लोक हसले. तो हसला नाही. "त्यांनी आमच्यावर संशय घेतला, म्हणून आम्ही शिकलो," तो म्हणाला, आणि खाली येऊन बसला. नेमकं बोलला आणि वेळेत थांबला. तू असतीस तर पायरीवर त्याला काय मार्क दिले असतेस? मी तर पैकीच्या पैकी दिले.

दफनभूमीतून परतताना तो माझ्याजवळ आला. "आंटी, एक मागू? ती डबी मला द्याल?" मी सरळ नाही म्हटलं. तुझी आठवण मी बाहेर का देऊ? मग घरी आल्यावर विचार केला की माझ्याकडे ती कपाटात पडून राहील आणि त्याच्याकडे वाजेल. दुसऱ्या दिवशी विल्फ्रेडच्या हाती पाठवून दिली.

आणि काल संध्याकाळी मे महिन्याची पहिली लितानी झाली.

चणे आदल्या रात्री भिजवले होते. मीठ घालून उकडले, वर खोबऱ्याचे तुकडे टाकले आणि पातेलं क्रुसाजवळ नेऊन ठेवलं. माणसं नेहमीपेक्षा जास्त होती. नेल्सनही आला होता, साध्या शर्टात, रोझा मावशींच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर. लितानी संपली. एरवी या वेळी तू उठायचीस. सगळे तू जिथे उभी राहायचीस तिकडे बघत राहिले. मी नेल्सनकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत बसला. शहाणा मुलगा. समोरून हसमुखभाईंनी रेडिओ बंद केला आणि दुकानातून विचारलं, "भाभी, आज स्टोरी नहीं है?"

लुसी, मी पातेल्यावरचं झाकण तसंच ठेवलं आणि उभी राहिले.

मी म्हटलं, मला लुसीसारखं येत नाही. मी पोस्टात काम केलं. पूर्वी तार यायची तेव्हा आमचा तारवाला ती घेऊन जायचा, आणि तार आणणाऱ्यावर लोक आधी विश्वासच ठेवायचे नाहीत. आमची नसेल, नाव चुकलं असेल, परत जा, म्हणायचे. चांगली बातमी असली तरी तसंच. तो परत यायचा नाही. दारात उभा राहायचा आणि तार हातात देऊनच यायचा, कारण ती त्याची नव्हती, त्यांची होती. मी म्हटलं, त्या पहाटे ज्या बायका धावत आल्या आणि ज्यांचं बोलणं पुरुषांना बडबड वाटलं, त्या परत गेल्या नाहीत. त्या दारात उभ्या राहिल्या. म्हणून आज आपण इथे आहोत. आणि आमची लुसीही परत गेली नाही, मी म्हटलं. ती दारात उभी राहून देत राहिली.

हे तू मला शिकवलेलं नव्हतं. हे माझं होतं. बोलताना माझं मलाच नवल वाटलं. रत्नागिरीकडची एक बाई भाजीची पिशवी खाली ठेवून ऐकत होती. रोझा मावशी मान हलवत होत्या. विल्फ्रेड असा काही बघत होता की जणू आता मलाही बगलेत मारून गावभर दाखवणार आहे. मला धीर आला. इतका आला की मला मनिऑर्डरीचा एक किस्सा आठवला, त्यावरून आईंचा, आईंवरून मसाल्याचा, आणि मी म्हटलं, "आणखी एक गोष्ट सांगते..."

टक्.

सगळे वळले. नेल्सन डबी मांडीवर धरून बसला होता, डोळे भरलेले, चेहरा तुझ्यासारखा निर्दय. क्रुसाजवळ, तुझ्या जागेवर, पहिल्यांदाच कुणीतरी डबी वाजवली होती, आणि ती माझ्यासाठी.

मी थांबले. झाकण काढलं आणि वाटायला सुरुवात केली. चणे अजून गरम होते.